समन्वय सेवा समूह

समन्वय सेवा समूह : एकाच कामात गुंतलेल्या अनेक संगणकांना परस्परांशी मेळ राखता यावा म्हणून लागणारी थोडी परंतु अचूक माहिती सांभाळणाऱ्या संगणकांच्या लहान समूहास ही संज्ञा वापरतात. सध्या प्रमुख कोण, कोणते काम कोणाकडे सोपविले आहे, कोणते नियम लागू आहेत, अशा स्वरूपाच्या या नोंदी असतात. मोठा माहितीसाठा येथे ठेवणे अभिप्रेत नसते. ‘झूकीपर’ या सेवेत एका नोंदीची मर्यादा सामान्यतः १ मेगाबाइट ठेवलेली असते. ‘एटसीडी’ व ‘कॉन्सल’ या अशाच अन्य सेवा होत.

या सेवेचे प्रयोजन एकेरी लोहमार्गाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बुलढाणा जिल्ह्यातील जलंब–खामगाव हा सु. १३ किमी. लांबीचा फाटा कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० मध्ये सुरू झाला. अशा एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेत रूढ झालेला एक उपाय म्हणजे टोकन : ज्याच्या हाती टोकन, त्याच चालकाने पुढे जावयाचे. संगणकांच्या जगात हे टोकन समन्वय सेवा देते. मात्र रेल्वेचे टोकन घेऊन चालक वाटेतच अडकला, तर मार्ग बंद राहतो. समन्वय सेवेत धारकाशी असलेला संपर्क ठराविक काळ तुटला की, टोकन आपोआप रद्द होते व दुसऱ्यास मिळू शकते. टोकन देणारा एकच संगणक असेल आणि तोच बंद पडला, तर सर्व व्यवहार थांबतो. म्हणून ही सेवा एका संगणकावर न ठेवता समूहावर ठेवतात.

बहुमताचे तत्त्व : समूहातील एक सदस्य प्रमुख असतो. प्रत्येक नवी नोंद त्याच्याकडे जाते, तो तिला क्रमांक देतो आणि निम्म्याहून अधिक सदस्यांनी ती आपल्या चकतीवर लिहिल्यावरच ती पक्की मानली जाते. कोणत्याही दोन बहुमतांत किमान एक सदस्य समान असतो. त्यामुळे पक्की झालेली नोंद पुढील प्रमुखास ठाऊक असतेच. तीन सदस्यांच्या समूहाला एकाचा अभाव सोसतो, पाचांच्या समूहाला दोघांचा. चार सदस्य ठेवून काही साधत नाही. त्यांनाही एकाचाच अभाव सोसतो. या विचाराची सैद्धांतिक बैठक लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘पॅक्सॉस’ पद्धतीत (१९९८) आढळते. गूगलने आपल्या ‘चबी’ या सेवेचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध केले. याहू या कंपनीत तयार झालेल्या झूकीपरवरील निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील अनेक आज्ञावलींना प्राण्यांची नावे असल्याने त्यांना सांभाळणारीस प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराचे नाव मिळाले. समजण्यास सुलभ अशी ‘राफ्ट’ पद्धती २०१४ मधील असून एटसीडी व कॉन्सल तिच्यावर आधारलेल्या आहेत.

कंटेनर व ऑपरेटर : आज्ञावली व तिला लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधून, इतरांपासून अलग राखून चालविण्याच्या पद्धतीस कंटेनर म्हणतात. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ‘कुबरनेटीझ’ ही प्रणाली हजारो कंटेनरांची व्यवस्था पाहते. एखादा कंटेनर बंद पडला की, ती त्याच्या जागी नवा उभा करते. संकेतस्थळाची पाने पुरविणाऱ्या आज्ञावलीस हे पुरेसे असते, कारण तिची कोणतीही प्रत दुसरीसारखीच असते. समन्वय समूहाच्या सदस्यांचे तसे नसते. प्रत्येकास स्वतःचा क्रमांक, स्वतःची चकती व स्वतःचा पूर्वेतिहास असतो. क्रमांक व चकती जपण्याची सोय कुबरनेटीझमधील ‘स्टेटफुलसेट’ करते. परंतु बहुमत म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी कोअरओएस या कंपनीने २०१६ मध्ये ‘ऑपरेटर’ ही कल्पना मांडली. अनुभवी व्यवस्थापक जे निर्णय घेतो, ते आज्ञावलीत उतरवून ती सतत चालू ठेवावयाची, हे तिचे सार. ‘झूकीपरचे पाच सदस्य, अमुक आवृत्ती’ एवढे नोंदविले की, ऑपरेटर प्रत्यक्ष स्थिती व इच्छित स्थिती यांतील अंतर पायरीपायरीने कमी करतो.

आवृत्तिबदल : समूह प्रथम उभा करणे तुलनेने सोपे असते, कारण त्या वेळी गमावण्यासारखे काही नसते. खरी कसोटी चालू समूहाची आवृत्ती बदलताना लागते. एका वेळी एकच सदस्य थांबवावयाचा, नव्या आवृत्तीत सुरू करावयाचा आणि त्याने मागे राहिलेल्या नोंदी भरून काढल्यावरच पुढच्यास हात लावावयाचा, असा क्रम असतो. तीनच सदस्य असतील तर या काळात आणखी एकाचा बिघाडही सोसत नाही. म्हणून सेवा न थांबविता आवृत्ती बदलावयाची असल्यास पाच सदस्य ठेवणे शहाणपणाचे. स्टेटफुलसेट सर्वांत मोठ्या क्रमांकापासून उतरत्या क्रमाने बदल करते. त्या क्रमांकाचा सदस्य प्रमुख आहे की नाही, हे ती पाहत नाही. प्रमुख आधी थांबविल्यास निवड नव्याने करावी लागते, निवड होईपर्यंत नोंदी थांबतात आणि नवनिर्वाचित प्रमुखाचीच पाळी पुढे येऊ शकते. ‘स्ट्रिम्झी’सारखे ऑपरेटर यामुळेच प्रमुखाचा क्रमांक शेवटी लावतात.

सदस्य सज्ज झाला हे ओळखणेही वाटते तितके सरळ नाही. झूकीपरला चार अक्षरी पृच्छा करून ‘ठीक आहे’ असे उत्तर मिळविता येते. पण त्या उत्तराचा अर्थ प्रक्रिया चालू आहे एवढाच. सदस्य बहुमतात सामील झाला आहे, असा नव्हे. या उत्तरावर विसंबून घाईने पुढचा सदस्य थांबविल्यास समूह बहुमत गमावू शकतो.

याहून गंभीर धोका रिकाम्या चकतीचा असतो. अ, ब, क या तीन सदस्यांपैकी अ व ब यांनी एक नोंद लिहून ती पक्की केली, क मागे राहिला, असे समजू. ब ची चकती नष्ट झाली आणि तो जुन्याच क्रमांकाने, कोऱ्या चकतीसह परत आला. त्याच वेळी अ बंद आहे. आता ब व क मिळून नियमानुसार बहुमत होते, आणि पक्की ठरलेली नोंद त्यांतील एकालाही ठाऊक नसते. कोणताही नियम उघडपणे मोडलेला नसताना माहिती हरवते. म्हणून चांगला ऑपरेटर कंटेनर काढला तरी चकती जपून ठेवतो, आणि चकती गेलीच तर त्या सदस्यास समूहातून रीतसर वगळून नवा सदस्य म्हणून घेणे हा सुरक्षित मार्ग होय.

झूकीपरची ३.४ वरून ३.५ ही आवृत्ती घेताना अनेकांस आलेली अडचण याच भीतीतून उद्भवली. झूकीपर रोजकीर्दीसारखी नोंदवही ठेवते व अधूनमधून ताळेबंदासारखी पूर्ण स्थितीची प्रत काढते. कमी वापराच्या समूहात अशी प्रत कधी निघालेलीच नसे. नोंदवही आहे पण प्रत नाही, याचा अर्थ माहिती हरवली असा लावून नवी आवृत्ती सुरू होण्यास नकार देई. बदलाच्या वेळेपुरती ही तपासणी शिथिल करणारी सोय २०१९ मध्ये ३.५.६ या आवृत्तीत देण्यात आली. ती नंतर पूर्ववत करावयास हवी, हे मात्र सहज विसरले जाते.

ऑपरेटरमुळे सर्वच संकटे टळतात असे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स ही खेळसेवा ७३ तास बंद होती. तिच्या कॉन्सल समूहात एक नवी सुविधा सुरू केल्यावर मोठ्या भारात तो मंदावला. अनेक कामे या एकाच समूहावर अवलंबून होती; बिघाड शोधण्याची साधनेही त्यावरच विसंबलेली असल्याने कारण सापडण्यास विलंब झाला. सदस्यांचा क्रम किंवा संख्या अचूक राखूनही हा प्रसंग टळला नसता.

काही प्रणालींनी स्वतंत्र समन्वय समूहाचा आधार सोडला आहे. ‘काफ्का’ या संदेशवहन प्रणालीने २०२५ मधील ४.० या आवृत्तीपासून झूकीपर पूर्णपणे वगळून राफ्टवर आधारित व्यवस्था स्वतःमध्येच सामावून घेतली. कुबरनेटीझ मात्र आपली स्वतःची स्थिती सामान्यतः एटसीडीमध्येच ठेवते; साहजिकच तो समूह बंद पडल्यास त्यावर अवलंबून असलेल्या ऑपरेटरांचे कामही थांबते.