ऑक्सफर्ड की येल? दोन्हीकडे अर्ज करताना

इंग्लंडमध्ये अर्ज करायचा तर विषय आधी पक्का लागतो. ‘यूकॅस’ या केंद्रीय यंत्रणेतून जास्तीत जास्त ५ पर्याय भरता येतात, पाचही ठिकाणी एकच निवेदन जातं आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकच निवडावं लागतं. अमेरिकेत ‘कॉमन ॲप’वरून २० कॉलेजांपर्यंत अर्ज जातात, आणि मुख्य विषय अनेक ठिकाणी प्रवेशानंतर ठरवता येतो. पदवीला मात्र ३ ऐवजी ४ वर्षं लागतात. तो जादा वर्षाचा खर्च क्रमवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

खरी गुंतागुंत तारखांची.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते, निर्णय जानेवारीत कळतो. अमेरिकेतल्या ‘अर्ली डिसिजन’ची मुदत बहुधा १ नोव्हेंबर, निर्णय डिसेंबरमध्ये, आणि अर्ज बंधनकारक. प्रवेश आणि पुरेशी आर्थिक मदत मिळाली की ब्रिटनमधले अर्जही मागे घ्यावे लागतात. केंब्रिजची मनापासून ओढ असलेल्या मुलीने ही वाट टाळलेलीच बरी. हार्वर्ड किंवा येलचा ‘अर्ली ॲक्शन’ अर्ज तिला चालेल. त्यात अमेरिकेतल्या इतर खासगी कॉलेजांबाबत निर्बंध असले, तरी परदेशी विद्यापीठांची मुभा आहे.

पैशाची अडचण असेल तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट यांचा विचार आधी व्हावा. परदेशी विद्यार्थ्यांचीही ऐपत न पाहता ही विद्यापीठं निवड करतात आणि गरज पूर्ण भागवतात.

ब्रिटनचा होकार बहुधा बारावीच्या गुणांवर अवलंबून असतो. म्हणून यूकॅसमध्ये पहिल्या पसंतीसोबत कमी गुणांची अट असलेला दुसरा पर्याय राखून ठेवता येतो.