किती लांबची लेन्स, किती जवळचा पक्षी?

हिवाळ्याच्या उत्तरार्धात पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवणकडे कॅमेरे घेऊन निघणाऱ्यांची गर्दी वाढते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, टिपण्यासाठी ही धडपड असते. घरी येऊन संगणकावर पाहावे, तर पाणी भरपूर, आकाश भरपूर आणि मध्ये काही गुलाबी ठिपके! मग 'मोठी लेन्स' घ्यायचे ठरते आणि दुकानात ३००, ४००, ६०० या आकड्यांपुढे गोंधळ उडतो.

हे आकडे म्हणजे लेन्सचे मिलिमीटरमधील नाभीय अंतर, ज्याला बोलण्यात सर्रास फोकल लेंग्थ म्हटले जाते. सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा केवढी पडणार, हे त्यावर ठरते. हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे. पक्ष्याच्या लांबीला नाभीय अंतराने गुणावे आणि आपल्यापासून पक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे. १५ सेंटिमीटर लांबीची चिमणी १० मीटरवर असेल, तर ३०० मिलिमीटरच्या लेन्सने तिची प्रतिमा साडेचार मिलिमीटर उमटते. ६०० च्या लेन्सने नऊ. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ६०० ची लेन्स लावूनही चिमणी चौकटीचा जेमतेम पाव भाग व्यापते.

याउलट सुमारे १.३ मीटर उंचीचा रोहित ५० मीटरवर उभा असला, तरी ४०० च्या लेन्समधून त्याची प्रतिमा दहा मिलिमीटरहून मोठी पडते. मोठ्या पक्ष्यांसाठी मोठी लेन्स लागते, हा समज त्यामुळे उलटा आहे. खरी कसोटी चिमणी, शिंजीर, खंड्या अशा लहानग्यांसाठी लागते. भिगवणला ४०० पुरते. तेथे ६०० घेऊन जाणाऱ्याची उलट पंचाईत होते. उडणारा रोहित पंख पसरून सुमारे दीड मीटर रुंद होतो आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० ची लेन्स ५० मीटरवर जेमतेम दोन मीटर रुंदीचे दृश्य पाहते. पक्षी त्यात सापडेपर्यंत थवा निघून गेलेला असतो.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर '४०० ची लेन्स ६०० होते' असे विक्रेते सांगतात, ते अर्धसत्य आहे. प्रतिमा तेवढीच पडते, फक्त तिच्या कडा कापल्या जातात. मात्र लहान सेन्सरवर पिक्सेल अधिक दाट असतील, तर पिसांचे तपशील खरोखरच जास्त मिळतात. एक्स्टेंडर जोडून नाभीय अंतर वाढवणे हा दुसरा मार्ग, पण १.४ पट वाढीसाठी निम्मा आणि दुप्पट वाढीसाठी तीन चतुर्थांश प्रकाश गमवावा लागतो. कर्नाळ्याच्या दाट झाडीत सकाळी सातला हा सौदा परवडत नाही.

वजनाचा विचार तर खरेदीच्या वेळी कोणी करतच नाही. ६०० एफ/४ ची नवी लेन्सही सुमारे तीन किलोची आणि किंमत कित्येक लाखांत. भिगवणच्या डुलत्या होडीत तिच्यासाठी तिपाई मांडणे अवघड, हातातच धरायची. १५०-६०० झूम लेन्स दोन किलोच्या आसपास असतात आणि तुलनेने खिशाला झेपतात. हौशी माणसाने यातली, किंवा १००-४०० ची, निवडावी असे वाटते. हाताच्या कंपनाचा परिणाम टाळायचा, तर शटरचा वेग निदान नाभीय अंतराइतका हवा: ४०० साठी सेकंदाचा चारशेवा भाग. उडत्या पक्ष्यासाठी दोन हजारावा भागही कधी कधी अपुरा पडतो. आणि उन्हे चढल्यावर पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागली, की कोणतीही लेन्स घ्या, दूरचा पक्षी धूसरच दिसणार. त्यावर उपाय एकच, पहाटे निघणे.

आता वरच्या त्रैराशिकाकडे पुन्हा पाहू. ६०० च्या लेन्सने १० मीटरवरून मिळणारी प्रतिमा ३०० च्या लेन्सनेही मिळते. फक्त पाच मीटरवर जावे लागते. लेन्स कमी पडते तेव्हा माणूस पुढे सरकतो, होडीवाल्याला 'आणखी थोडे जवळ घ्या' म्हणतो, आणि निवांत चरणारा थवा उडतो. लांबच्या प्रवासातून आलेल्या पक्ष्याला खाणे सोडून वारंवार उडावे लागणे महागात पडते. घरट्याजवळचे पाच मीटर तर त्याहून गंभीर. बिथरलेली मादी अंड्यांवरून उठली, की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळा टपलेलाच असतो. घरट्यावरच्या छायाचित्रासाठी कोणतेच नाभीय अंतर पुरेसे नाही. ते न काढणेच योग्य.

खरेदीपूर्वी आपली जुनी छायाचित्रे चाळावीत. पक्षी नेहमीच लहान येत असतील आणि आपण आवडीने पाणथळीवरच जात असू, तर ४०० पासून सुरुवात करावी. बागेतल्या लहान पक्ष्यांचे वेड असेल, तर ६०० पर्यंतची झूम पाहावी. मुंबई-पुण्यात अशा लेन्स दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. एक रविवार ती गळ्यात अडकवून चालले, की मान आणि खांदे आपले मत सांगतात.