समुद्राचें गणित आणि पोवळ्यांचीं घरें

पोवळें आपणां सर्वांस ठाऊक आहे. नवरत्नांत त्याची गणना होते. परंतु पोवळें हें खनिज नसून क्षुद्र प्राण्यांनीं बांधलेलें घर आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें एका जातीचे प्राणी करितात. उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत ज्यांचे कोसच्या कोस लांब खडक बनतात, ते त्यांचे भाऊबंद होत. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ अशा खडकांची रांग सुमारें २,३०० किलोमीटर पसरलेली आहे. आपल्या महाराष्ट्रांतही मालवणजवळ पोवळीं आढळतात, व तेथील समुद्राचा कांहीं भाग इ. स. १९८७ मध्यें अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

या घरांचा मालमसाला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात् चुनखडीचेंच एक रूप. शास्त्रांत त्यास ॲरॅगोनाइट म्हणतात. प्राणी हा मसाला समुद्राच्या पाण्यांतून घेतो. तेव्हां पाण्यांत कार्बोनेट भरपूर असेल तर बांधकाम सुलभ, आणि तें कमी झालें तर बांधकाम कष्टाचें, हें उघड आहे.

हें कार्बोनेट कमी कशानें होतें? त्याचा दाखला शाळेच्या प्रयोगशाळेंतच मिळतो. चुन्याच्या निवळींत कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, सोडला असतां ती दुधासारखी पांढरी होते. कारण तींत चुनखडीचे सूक्ष्म कण उत्पन्न होतात. परंतु वायु तसाच सोडीत राहिलें, तर कांहीं वेळानें ती पांढरी निवळी पुन्हां स्वच्छ होते. अधिक वायूमुळें चुनखडी विरघळून गेलेली असते! प्रयोगाचा हा दुसरा भागच पोवळ्यांच्या चिंतेचा विषय आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून आपण जो वायु हवेंत सोडतों, त्याचा बराच भाग समुद्र शोषून घेतो, आणि तेथील कार्बोनेट घटत जातें.

परंतु किती घटतें? चुन्याची निवळी कांचेच्या नळींत मावते. समुद्र मावत नाहीं. येथें गणित साहाय्यास येतें. समुद्राच्या पाण्यांतील कर्बाविषयीं चार गोष्टी मोजतां येतात: आम्लता दर्शविणारा पी-एच् अंक, अल्कता, म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ति, पाण्यांत विरघळलेला एकंदर कर्ब, आणि पाण्यांतील कर्बाम्ल वायूचा दाब. या चौघांचें नातें त्रिकोणाच्या बाजू व कोन यांच्या नात्यासारखें आहे. एक बाजू व दोन कोन कळले कीं उरलेला त्रिकोण न मोजतां काढतां येतो; त्याचप्रमाणें चारांपैकीं कोणत्याही दोन गोष्टी, आणि पाण्याचें उष्णतामान, खारटपणा व दाब, इतकें ठाऊक झालें कीं बाकीचें सर्व गणितानें निघतें.

मात्र हें गणित हातानें करणें फार जिकिरीचें आहे. इ. स. १९९८ मध्यें लुइस व वॉलेस या दोन शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत त्यासाठीं संगणकाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. ‘सीओटूसिस्’ हें तिचें नांव. ती सर्वांस विनामूल्य मिळते, व पुढें तिचीं अनेक रूपांतरें झालीं. तिची रीत पाहण्याजोगी आहे. समजा, अल्कता व वायूचा दाब दिला आहे. आज्ञावली प्रथम पी-एच् चा एक अंदाज धरते. त्यावरून अल्कता किती यावी तें काढते. दिलेल्या अल्कतेशीं ताडून पाहते. आणि फरक आढळल्यास अंदाज सुधारून पुन्हां आरंभ करते. फरक नाममात्र उरेपर्यंत ही फेरी चालते. संगणकास त्यास क्षणार्धही लागत नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. पाण्याचें उष्णतामान २५ अंश, खारटपणा ३५, आणि अल्कता दर किलोग्रॅमास २,३०० मायक्रोमोल धरूं. अंटार्क्टिकाच्या बर्फांत अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतें कीं, कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्ल वायु सुमारें २८० भाग होता. हा आंकडा घातला असतां पी-एच् सुमारें ८.१७ व ॲरॅगोनाइटचा संपृक्ततांक सुमारें ४.१ येतो. इ. स. २०२३ मध्यें हवाई बेटांतील मौना लोआ येथें वायूचें प्रमाण ४२० च्या वर गेलें होतें. ४२० घातले कीं पी-एच् ८.०३ च्या व संपृक्ततांक ३.३ च्या जवळ येतो. पूर्वींच्या दुप्पट, म्हणजे ५६० घातले, तर ते सुमारें ७.९२ व २.७ होतात. याप्रमाणें ज्या काळीं कोणी समुद्र मोजला नव्हता तो काळ, आणि जो अद्याप आलेला नाहीं तोही, एकाच गणितानें दृष्टीस पडतो.

संपृक्ततांक एकाहून कमी झाला कीं ॲरॅगोनाइट विरघळूं लागतें. मग २.७ असतां भय कशाचें, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, लाटा आणि खडक पोखरणारे जीव हीं घरें रात्रंदिवस झिजवीत असतात. झीज होते तिच्याहून बांधकाम अधिक झालें तरच खडक टिकतो. शिवाय समुद्र प्रमाणाबाहेर तापला कीं पोवळ्यांच्या शरीरांत राहून त्यांस अन्न पुरविणारें सूक्ष्म शेवाळ निघून जातें व तीं पांढरीं पडतात. इ. स. १९९८ व २०१६ मध्यें हें संकट मोठ्या प्रमाणावर ओढवलें. आधींच उपाशी झालेल्या गवंड्यास चुनाही महाग व्हावा, तशी त्यांची स्थिति आहे.

शेवटीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. आज्ञावली कितीही कुशल असो, तीस खऱ्या मापाची व खोट्या मापाची पारख नसते; चुकीचे आंकडे घातले तर ती चुकीचेंच उत्तर बिनचूक हिशेबानें काढून देते. म्हणून कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेंत अँड्रू डिक्सन या रसायनशास्त्रज्ञानें काटेकोर मोजलेलें प्रमाणभूत समुद्रजल बाटल्यांत भरून जगभरच्या प्रयोगशाळांस पुरविण्याची व्यवस्था केली. तें मोजून प्रत्येकानें आपलें माप तपासून घ्यावें, हा हेतु. यंत्राच्या पाठीशीं असा प्रामाणिक हात असावाच लागतो. परमेश्वरानें निर्मिलेल्या सृष्टीची राखण मनुष्यावर सोपविलेली आहे. आणि ज्याची राखण करावयाची त्याचें खरें माप ठेवणें, हें त्या कर्तव्याचें पहिलें पाऊल होय.