हाफ प्रिसिजनचा मागोवा : चाकणच्या इंजिनापासून पुण्याच्या महासंगणकापर्यंत

सोळा बिटांत अपूर्णांक मावतो, पण दाटीवाटीने. आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंट मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने ‘हाफ प्रिसिजन’ या सोळा बिटांच्या प्रकाराची वाटणी ठरवून दिली: चिन्हासाठी १ बिट, घातांकासाठी ५ आणि अंकांसाठी उरलेले १०. सर्वांत मोठी संख्या ६५,५०४. पूर्णांक २,०४८ पर्यंत एकही न गळता येतात. त्यापुढे दोन-दोनच्या आणि ४,०९६ पासून चार-चारच्या उड्या. सी भाषेच्या कंपायलरांमध्ये या प्रकाराला पक्की जागा मिळायला पुढे दीड दशक गेले. सोळा बिटांची काटकसर मात्र पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला नवी नव्हती. तिथे ती वेगळ्या रीतीने चालू होती.

बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातून निघणाऱ्या पल्सरला २००३ मध्ये डीटीएस-आय इंजिन आले. त्याची ठिणगी नेमक्या क्षणी टाकण्याचे काम ८ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरकडे होते. असल्या चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचे हार्डवेअर नसते. म्हणून गाडीच्या कंट्रोलरचा सी प्रोग्रॅम लिहिणारे फिक्स्ड पॉइंटची वाट धरतात: राशी साध्या पूर्णांकात ठेवायची आणि एक अंक म्हणजे किती, हे स्केलिंग कागदावर ठरवून टाकायचे. ओबीडी या गाडीतील बिघाड तपासण्याच्या जोडणीतून मिळणारा इंजिनाचा वेग याच पद्धतीचा. दोन बाइटांतला एक अंक म्हणजे मिनिटाला पाव फेरा, शून्यापासून १६,३८३.७५ पर्यंत सगळीकडे तेवढीच बारकाई. तीच राशी हाफ प्रिसिजनमध्ये ठेवली, तर ५,००१ फेऱ्यांची नोंद ५,००० होते. जिथे राशीची मर्यादा आधीच माहीत असते, तिथे घातांकाला दिलेले पाच बिट वायाच जातात. इंजिनाच्या वेगापुरता तरी जुना हिशेब सरस ठरतो.

कंपायलर बांधण्याचे कामही या परिसराला परके नाही. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीतल्या केपीआयटीने, तेव्हाच्या केपीआयटी कमिन्सने, रेनेसासच्या एसएच आणि एच८ चिपांसाठी जीसीसी या फुकट मिळणाऱ्या कंपायलरवर बेतलेली साधने चालवली आणि २०१२ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या १६ बिटांच्या चिपचा पोर्ट जीसीसीला दिला. देखभाल थांबल्यावर तो जीसीसी १३ मधून, म्हणजे २०२३ मध्ये, काढला गेला. फुकटच्या कंपायलरलाही सांभाळणारा माणूस लागतोच.

हाफ प्रिसिजन जीसीसीत आले ते एआरएमच्या चिपांच्या वाटेने. २०१० च्या जीसीसी ४.५ मध्ये ‘एफपी१६’ नावाचा प्रकार दाखल झाला, पण तो साठवणीपुरता. बेरीज-गुणाकाराची वेळ आली की संख्या आपोआप ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये जायची आणि परत ठेवताना १६ बिटांत यायची. मेमरी निम्मी लागे. गणिताला धक्का नसे. त्यातही एआरएमने दोन मांडण्या दिल्या होत्या. पर्यायी मांडणीत अनंत आणि ‘संख्या नव्हे’ ही मूल्येच नाहीत. त्या बदल्यात कमाल मर्यादा १,३१,००८ वर जाते. एका मांडणीत साठवलेला डेटा दुसरीत वाचला, तर मोठ्या संख्या चुकतात आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

२०१५ च्या आयएसओ तांत्रिक विनिर्देशाने ‘फ्लोट१६’ हा खरा गणिती प्रकार मांडला आणि २०१७ मध्ये जीसीसी ७ ने तो एआरएमवर दिला. इथे मात्र सांभाळावे लागते. बेरजेचा चल फ्लोट१६ चा ठेवून लूपमध्ये एक-एक मिळवत गेले, तर बेरीज २,०४८ वर अडते. २,०४९ ला जागाच नसल्याने प्रत्येक नवी बेरीज मागे वळून २,०४८ होते आणि लूप कितीही फिरला तरी आकडा हलत नाही. म्हणून डेटा १६ बिटांत आणि बेरीज ३२ बिटांत, ही रीत रूढ झाली.

या प्रकाराचे मोल पुण्यात ठळकपणे दिसले ते २०२० मध्ये. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक त्या नोव्हेंबरच्या टॉप५०० यादीत ६३ वा आला. यादीतली त्याची कमाल क्षमता ५.२६७ पेटाफ्लॉप्स, तर जाहीर झालेली ‘एआय’ क्षमता २१०. यंत्र तेच; पहिला आकडा ६४ बिटांचा, दुसरा हाफ प्रिसिजनचा. यंत्रात एनव्हिडियाच्या ३३६ ए१०० चिपा आहेत. एकीचा हाफ प्रिसिजनमधला वेग ६२४ टेराफ्लॉप्स धरला की गुणाकार २१० पेटाफ्लॉप्सवर येतो. हे ६२४ देखील न्युरल नेटवर्कमधली शून्ये ठरावीक पद्धतीने वगळता आली तरच, एरवी निम्मे. असे आकडे शेजारी-शेजारी छापताना बिटांचा उल्लेख गाळणे ही दिशाभूलच.

इंटेल-एएमडीच्या साध्या संगणकावर फ्लोट१६ आणला जीसीसी १२ ने, २०२२ मध्ये. ज्या प्रोसेसरला १६ बिटांचे गणित येत नाही, त्यावर कंपायलर ते फ्लोटमधूनच करतो आणि मधल्या पायऱ्यांची जादा अचूकता राखतो. त्यामुळे एकाच सूत्राच्या उत्तरातले शेवटचे अंक दोन यंत्रांवर वेगळे येऊ शकतात. प्रत्येक पायरीला १६ बिटांवर आणायचे असेल, तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मानकात फ्लोट१६ सारखे प्रकार परिशिष्टात आहेत आणि ते ऐच्छिक आहेत. तेव्हा अनेक चिपांवर चालवायच्या प्रोग्रॅममध्ये फ्लोट१६ लिहिण्याआधी समोरचा कंपायलर तो देतो का, हे तपासून घ्यावे.