झेब्र्याच्या पट्ट्यांचं उडतं बिऱ्हाड

जंगलात हॉटेल कुठलं? जंगली प्राण्यांचं चित्रीकरण करणाऱ्या, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मार्टिन आणि ओसा जॉन्सन या नवरा-बायकोने मग बिऱ्हाडच पाठीवर घेतलं.

१९२४मध्ये दोघं उत्तर केनियातल्या मार्साबिट डोंगरावर, ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्याकाठी राहायला गेले. तिथे घरं बांधली, भाजीपाला लावला आणि चक्क डार्करूमही थाटली. उष्ण हवेत फिल्म जागच्या जागी धुतलेली बरी! खर्चाला हातभार लावणाऱ्यांत कोडॅकवाले जॉर्ज ईस्टमन होते.

१९३३मध्ये तर कहरच. पाण्यावरही उतरणारी दोन सिकोर्स्की विमानं घेऊन जोडपं पुन्हा आफ्रिकेत. एकावर झेब्र्याचे पट्टे, दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके. पट्टेवाल्यात झोपायचीही सोय!

चित्रीकरणात कामांची वाटणी ठरलेली. मार्टिन कॅमेऱ्याचा दांडा फिरवणार, ओसा बंदूक रोखून शेजारी उभी. अंगावर येणारा गेंडा कॅमेऱ्याला थोडाच भितो?