रेझ्युमेतला ‘पॅशनेट’ शब्द काढा, बघू काय उरतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं मुद्दाम ठेवलंय.

वर्ष-दीड वर्ष झालं, मी कंपनीत फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतोय. जवळपास प्रत्येक रेझ्युमेत वरच लिहिलेलं असतं, ‘पॅशनेट अबाउट टेक्नॉलॉजी’. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कॉलेजचा फॉरमॅटच तसा असतो. पण त्या ओळीवरून मला समोरच्याबद्दल काहीही कळत नाही. मग कामाची खरी आवड दिसते कुठे? आणि तिच्यामुळे करिअर पुढे जातं का?

यावर माझं आवडतं उदाहरण आहे डॅनियल स्टेनबर्ग, स्वीडनचा प्रोग्रामर. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं ‘कर्ल’ बहुतेक तुमच्या फोनमधल्या एखाद्या ॲपमध्ये आत्ता असेल. कर्लचं काम एवढंच, की इंटरनेटवरच्या पत्त्यावरून डेटा आणायचा किंवा तिथे पाठवायचा.

सुरुवात फारच किरकोळ होती. १९९६ साली त्याला एका चॅट बॉटसाठी चलनांचे दर रोज आपोआप हवे होते. त्यासाठी त्याने ‘एचटीटीपीगेट’ नावाचं एक छोटं टूल शोधलं. ते एका ब्राझिलियन प्रोग्रामरने लिहिलेलं होतं. त्यात हवे तसे बदल करता करता ते टूल यानेच सांभाळायला घेतलं. मार्च १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. आज ते कार, टीव्ही, सर्व्हर सगळीकडे आहे. गंमत म्हणजे गाडीच्या स्क्रीनवर लायसन्सच्या मजकुरात त्याचा ईमेल दिसतो, म्हणून लोक त्याला गाडीच्या तक्रारी पाठवतात!

आता रील्समध्ये न सांगितला जाणारा भाग. या सगळ्या काळात तो नोकरी करत होता, आणि कर्ल मुख्यतः संध्याकाळी, सुट्टीत. मधली काही वर्षं मोझिलात फायरफॉक्सच्या नेटवर्किंगवर, म्हणजे विषय आवडीचाच. २०१७ मध्ये स्वीडनचा मानाचा पोल्हेम पुरस्कार मिळाला. पण पगार घेऊन पूर्णवेळ कर्लचंच काम करायला २०१९ उजाडलं. वुल्फएसएसएल या कंपनीत. कर्ल नाव पडल्यापासून मोजा, २१ वर्षं! त्यामुळे ‘आवडीचं काम करा, पैसा आपोआप येईल’ असं कुणी सांगितलं, तर त्याला ‘कधी?’ एवढं जरूर विचारा.

याच माणसाच्या अनुभवात उलटी बाजूही दिसते. कर्लमध्ये सुरक्षेची चूक शोधणाऱ्याला बक्षीस मिळायचं. मग एआयकडून लिहून घेतलेले रिपोर्ट येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ब्लॉगवर याबद्दल वैतागून लिहिलं. भाषा एकदम प्रोफेशनल, मांडणी सुरेख, आणि सांगितलेली चूक अस्तित्वातच नाही. खुलासा विचारला की आणखी गोड भाषेत आणखी चुकीचं उत्तर. एआय वापरू नका असं मी म्हणत नाहीये, मीही रोज वापरतो. पण पाठवणाऱ्याला आपण काय पाठवलंय हेच माहीत नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतंच.

इंटरव्ह्यूत मी नेमकं तेच करतो. प्रोजेक्ट काय, हा पहिला प्रश्न. असं का केलं, हा दुसरा. आणि तिसरा, हे कुठे फसतं?

मागे एक मुलगा आला होता. प्रोजेक्टचं नाव साधंच, ‘लाइट आली’. शेतावर थ्री-फेज लाइट कधी रात्री, कधी पहाटे येते, आणि वडील उठून बघत बसतात. याने मोटरच्या खोलीत जुना फोन चार्जरला लावून ठेवला. लाइट आली की चार्जिंग सुरू होतं, ते ॲपला कळतं आणि घरी मेसेज जातो. मी तिसरा प्रश्न विचारला. तो लगेच म्हणाला, ‘सर, सिंगल फेज आली तरी फोन चार्ज होतो. मग खोटा मेसेज जातो आणि वडील उगाच उठतात. रिले लावला तर जमेल म्हणतात, पण ते मला अजून येत नाही.’

माझ्यासाठी इंटरव्ह्यू तिथेच संपला होता. कोड सामान्य होता, खरं तर जरा गबाळाच. पण त्याला आपल्या वस्तूची खोट माहीत होती, कारण ती घरात वापरली जात होती. आणि ‘येत नाही’ म्हणताना तो चाचरला नाही. आम्ही त्याला घेतलं.

एका श्रोत्याचा मेसेज होता, ‘दादा, मी सपोर्टमध्ये आहे. दिवसभर तिकिटं बंद करतो. यात आवड कुठून आणू?’ खोटी आवड आणू नकोस. फक्त बघ, कोणतं तिकीट दर आठवड्याला परत येतं. ते का येतं याच्या मुळाशी जा, सापडलेलं एका पानावर लिही आणि लीडला पाठव. तिथेच एखादा विषय तुला पकडेल. नाही पकडला, तरी टीम बदलायला मागताना दाखवायला ते पान असेल.

आणि हो, मॅनेजर ‘थोडी पॅशन दाखवा’ म्हणत दर शनिवारी बोलवत असेल, तर तो ओव्हरटाइम आहे. त्याचे पैसे किंवा बदली सुट्टी मागायची. स्टेनबर्गने संध्याकाळ स्वतःच्या कामाला दिली होती, कुणाच्या डेडलाइनला नाही.

तुमच्याकडे ‘लाइट आली’सारखं काही गबाळं, पण घरात चालणारं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कुठे फसतं, तेही सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या दोन-तीन ऐकवतो.