पत्ता तुमचा, पासवर्ड गुगलकडे

दुसऱ्या सर्व्हरवरची मेल पॉप पद्धतीने खेचून आणण्याची जीमेलच्या वेब आवृत्तीतली सोय २०२६पासून काढून घेत असल्याचे गुगलने जाहीर केले आणि सीएंची कार्यालये, छापखाने, छोटे निर्यातदार अशा अनेकांची पंचाईत झाली. वेबसाइटसोबत मिळालेल्या ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ पत्त्यावरची पत्रे ही मंडळी वर्षानुवर्षे जीमेलमध्येच वाचत होती. त्यांचा त्रागा रास्त आहे, तरीही झाले ते बरेच झाले असे मला वाटते. स्वतःच्या डोमेनचे पैसे दरवर्षी भरायचे आणि त्या खात्याचा पासवर्ड मात्र गुगलच्या हवाली करायचा, ही व्यवस्था कधीच शहाणपणाची नव्हती. आता दुसरा फुकट मध्यस्थ शोधण्यापेक्षा खाते थेट संगणकावरच्या थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये जोडावे.

जोडताना खरा निर्णय एकच असतो, पॉप की आयमॅप. बाकी सगळे रकाने भरणे. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ची. पत्रे उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरून पुसायची, हा तिचा मूळ स्वभाव. त्यामुळे ऑफिसच्या संगणकाने पत्रे उचलली की मोबाइलवर शुकशुकाट. स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये आणलेल्या आयमॅपमध्ये मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि सगळी उपकरणे तीच पाहतात. तेव्हा आयमॅप निवडा. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७, आणि युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ई-मेल पत्ता, नुसता ‘इन्फो’ नव्हे. मेल येते पण जात नाही, ही नेहमीची तक्रार. तिचे मूळ बहुधा जाणाऱ्या सर्व्हरसाठी पासवर्डची पडताळणी चालू न केल्यात किंवा जुन्या २५ क्रमांकाच्या पोर्टात असते. अनेक इंटरनेट कंपन्या स्पॅमच्या भीतीने ते पोर्ट अडवतात. मात्र जास्त काळजी वाटावी अशी चूक वेगळीच आहे. सर्व्हरच्या रकान्यात ‘मेल’ आणि पुढे आपले डोमेन टाकले की कधी कधी प्रमाणपत्राचे नाव जुळत नसल्याचा इशारा येतो, कारण स्वस्त होस्टिंगमध्ये प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचे असू शकते. लोक बिनदिक्कत ‘अपवाद मान्य’ करून मोकळे होतात. उद्या मधल्या मध्ये कुणी तोतया सर्व्हर उभा केला, तर त्याचा इशाराही असाच दिसेल. होस्टिंगवाल्याकडून प्रमाणपत्रावरचे खरे नाव मागून घ्यावे आणि तेच रकान्यात भरावे. एका फोनचे काम आहे.

ब्राउझरमध्ये वेबमेल उघडता येत असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. दिवसाला दोन पत्रे येणाऱ्याला त्याची गरज नाहीच. पण तीन पत्ते सांभाळणाऱ्याला, जुनी बिले शोधणाऱ्याला आणि इंटरनेट बंद असताना पत्रे वाचावी लागणाऱ्याला तो फायद्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आयमॅपने सर्व्हरवरची जागा भरत जाते, आणि छोट्या पॅकेजमध्ये ती बेताचीच असते. यावर उपाय म्हणजे जुन्या वर्षांची पत्रे संगणकावरच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवणे, आणि मग त्या संगणकाचा बॅकअप घेणे. संगणकावरचा प्रोग्रॅम म्हणजे तो आपल्या सर्व्हरशी थेटच बोलतो, हेही गृहीत धरू नये. विंडोजमधले नवे आउटलुक इतर कंपन्यांच्या खात्यांची मेलही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडून घेते. गुगलचा मध्यस्थ गेला आणि दुसरा आला, एवढेच.

आयमॅपला बॅकअप समजू नका. एका ठिकाणी पुसलेले पत्र सगळीकडून पुसले जाते, आणि होस्टिंगचे नूतनीकरण चुकले तर सर्व्हरवरची पेटीही जाऊ शकते. होस्टिंग बदलण्याआधी सगळी पत्रे लोकल फोल्डरमध्ये कॉपी करा, चार-दोन उघडून पाहा, आणि मगच जुन्या कंपनीला नकार कळवा.